लहान मोटारीचें मोल

कोणतीहि वस्तु नवी असतांना तिची स्तुति करणारे पुष्कळ भेटतात. तिची परीक्षा करणारा मात्र बहुधा ती जुनी झाल्यावरच भेटतो. मोटारगाडीच्या बाबतींत हें विशेष खरें आहे. नव्या गाडीची किंमत कारखानदार ठरवितो. त्या किंमतींत पोलाद आणि मजुरी असते, सरकारचा कर असतो, व्यापाऱ्याचा नफा असतो आणि जाहिरातीचा डौलहि असतो. जुन्या गाडीची किंमत मात्र ती आठ-दहा वर्षें वापरलेला मालक आणि पुढें तितकींच वर्षें वापरूं इच्छिणारा गिऱ्हाईक असे दोघे समोरासमोर बसून ठरवितात. म्हणून एखादी गाडी किफायतशीर आहे कीं नाहीं, याचा निवाडा तिच्या दुसऱ्या विक्रीच्या वेळीं पाहावा, असें व्यवहारी लोक म्हणतात. हें म्हणणें कितपत खरें आहे आणि कोठें फसवें आहे, हें महाराष्ट्रांतील लहान मोटारीच्या गेल्या सत्तर-पाऊणशें वर्षांच्या इतिहासावरून चांगलें कळून येतें.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा नाहीं. नागपूरच्या नैर्ऋत्येस हिंगणा हें तालुक्याचें गांव आहे. त्याच्या वाटेवर औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत असून तेथें महिंद्र कंपनीचा ट्रॅक्टरांचा कारखाना आहे. सीताबर्डीहून निघालेली मेट्रो २८ जानेवारी २०२० रोजीं हिंगणा मार्गावरील लोकमान्यनगरापर्यंत आली. परंतु तेथून पुढचा रस्ता, वैशाखांतील पंचेचाळीस अंशांचें ऊन, रात्रपाळीची सुटी आणि घरांतील वृद्ध माणसास दवाखान्यांत नेण्याची घाई यांना ती पुरी पडत नाहीं. अशा ठिकाणच्या मध्यम स्थितींतील घरांत कित्येक वर्षांची शिल्लक पुढें ठेवून विचार सुरू होतो: एवढ्या पैशांत नवी पण अगदीं साधी गाडी घ्यावी, कीं थोडी बरी पण कोणी वापरलेली घ्यावी? निर्णय चुकला तर मुलांच्या शिक्षणासाठीं ठेवलेला पैसा गॅरेजांत जातो. आणि त्याहूनहि मोठें नुकसान होऊं शकतें, त्याचा विचार पुढें येईलच.

हिंदुस्थानांत मोटारी जुळविण्याचा धंदा परकी कंपन्यांनीं प्रथम आरंभिला. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ मध्यें मुंबईस शिवडी येथें सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचें काम सुरू केलें. देशी मोटार देशांतच तयार व्हावी असा ध्यास घेणारा पुरुष मात्र सोलापूरचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म तेथें १८८२ मध्यें झाला. विशाखापट्टणची जहाजांची गोदी आणि बंगलोरचा विमानांचा कारखाना यांची उभारणी त्यांचीच. मोटारीच्या कारखान्यास मात्र युद्धकाळांतील सरकारनें अनुकूलता दाखविली नाहीं. तरीहि १९४४ मध्यें त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि कुर्ला येथील तिच्या कारखान्यांत आरंभीं अमेरिकन क्राइस्लर कंपनीच्या गाड्या तयार होऊं लागल्या. त्या मोठ्या गाड्या होत. गृहस्थाच्या ऐपतींतली गाडी इटलीहून यावयाची होती.

ती आली १९५४ मध्यें, फियाट ११०० या नांवानें. तिच्या गोलसर पाठीमुळें मुंबईकरांनीं तिला 'डुक्कर फियाट' म्हणण्यास सुरुवात केली. तिचीं पुढचीं दारें आजच्या गाड्यांच्या उलट दिशेनें उघडत. सन १९६४ मध्यें त्याच घराण्यांतील नवी गाडी आली, ती फियाट ११०० डिलाइट. फियाटशीं झालेल्या परवान्याची मुदत संपल्यावर कांहीं काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी असें तिचें नामांतर झालें. नांवें बदललीं, गाडी जवळजवळ तीच राहिली. तेंच १०८९ घनसेंटिमीटरांचें चार सिलिंडरांचें इंजिन, तोच कार्बुरेटर, सुकाणूच्या खांबावर बसविलेला तोच गिअरचा दांडा. शतक पालटतां पालटतां तिचें उत्पादन बंद पडलें. म्हणजे एकच गाडी थोड्याफार फरकानें सुमारें तीन तपें तयार होत राहिली.

या दीर्घायुष्याचा जुन्या गाडीच्या बाजाराशीं मोठा संबंध आहे. गाडी बदललीच नाहीं, त्यामुळें वीस वर्षांपूर्वींच्या गाडीचा भाग नव्या गाडीस आणि नव्याचा जुन्या गाडीस चाले. तालुक्याच्या गांवींहि कार्बुरेटर उघडून साफ करणारा आणि इंजिन उतरवून पुन्हा चढविणारा मिस्त्री मिळे. जुन्या फियाटचें मोल टिकलें त्याचें हें एक कारण, आणि तें प्रामाणिक कारण होय. दुसरें कारण मात्र वेगळें होतें. परवाना-पद्धतीमुळें देशांत मोटारी मोजक्याच निघत. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. किंमतीवर सरकारचा अंकुश होता. १९६९ च्या किंमत-नियंत्रणाच्या हुकुमाविरुद्ध प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७१ मध्यें त्या खटल्याचा निकाल लागला. मागणी फार, माल थोडा आणि किंमत बांधलेली, अशी स्थिति असली कीं जें व्हावयाचें तेंच झालें: नुकतीच हातीं आलेली गाडी विकणारास नव्या गाडीहूनहि अधिक पैसे मिळूं लागले.

येथें जुन्या बाजाराचा पहिला फसवा निवाडा दिसतो. त्या काळीं वापरलेल्या फियाटला मिळणारी चढी किंमत हें गाडीच्या गुणाचें प्रमाणपत्र नव्हतें. तें टंचाईचें मोजमाप होतें. ज्यास रांगेंत उभें राहण्यास वेळ नव्हता, तो वेळेचे पैसे मोजीत होता, आणि समजत मात्र असे होता कीं आपण गाडीचे पैसे मोजीत आहों.

टंचाईची ही कोंडी मारुतीनें फोडली. सरकारी मालकीची मारुती उद्योग ही कंपनी १९८१ मध्यें स्थापन झाली. जपानच्या सुझुकी कंपनीचें तिला साहाय्य मिळालें आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातीं पडली. तिचें इंजिन अवघें ७९६ घनसेंटिमीटरांचें, सिलिंडर तीन, आणि ओढ पुढच्या चाकांना. फियाटपुढें ती खेळण्यासारखी दिसे. डबा म्हणून तिची थट्टाहि झाली. पण सकाळीं एका किल्लीसरशीं सुरू होणें, घाटांत न तापणें आणि थोड्या पेट्रोलांत पुष्कळ चालणें, हे गुण गृहिणीपासून डॉक्टरापर्यंत सर्वांस लवकरच पटले. १९८६ मध्यें तिचें अंग बदलून ती थोडी मोठी झाली. २००० च्या सुमारास कार्बुरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली. याच गाडीच्या बाबतींत जुन्या बाजाराचा निवाडा प्रथमच विश्वासार्ह ठरला. कारण पुढें नव्या गाड्या सहज मिळूं लागल्या, दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्याहि आल्या, तरी जुन्या मारुतीस गिऱ्हाईक उरलेंच. टंचाई ओसरल्यावरहि जें मोल टिकतें, तेंच गुणाचें मोल होय.

एकाच नांवाच्या सर्व गाड्या सारख्या नसतात, हा धडा पुण्याच्या इंडिकानें दिला. टाटा कंपनीची ही गाडी १९९८ च्या अखेरीस बाजारांत आली. आराखड्यापासून देशांतच घडलेली ही मोटार, म्हणून तिचें कौतुक झालें. डिझेलवर चालणारी, पांच माणसें ऐसपैस बसणारी, म्हणून मागणीहि मोठी आली. परंतु पहिल्या गाड्यांविषयीं तक्रारी पुष्कळ निघाल्या. कंपनीनें त्या मनावर घेतल्या आणि २००१ मध्यें सुधारलेली इंडिका व्ही-टू आणली. तीच पुढें भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यांत वर्षानुवर्षें राबली. यावरून जुनी गाडी पाहणारानें दोन गोष्टी लक्षांत घ्याव्यात. एक, नांवापेक्षां साल महत्त्वाचें; पहिल्या वर्षींची गाडी आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षींची गाडी यांत जमीन-अस्मानाचें अंतर असूं शकतें. दुसरी, गाडी कोणाच्या हाताखालीं झिजली हेंहि पाहावें. घरगुती गाडीच्या दहा वर्षांतील धांव भाड्याची गाडी दोन-तीन वर्षांत पुरी करते.

याच टाटा कंपनीनें पुढें एक अपूर्व प्रयोग केला. स्कूटरवर नवरा-बायको आणि दोन मुलें असें चौघांचें कुटुंब पावसांत जातांना पाहून रतन टाटा यांच्या मनांत एक लाख रुपयांच्या मोटारीची कल्पना आली, हें सर्वांस ठाऊक आहे. नॅनो ही गाडी १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीस दाखविण्यांत आली आणि २३ मार्च २००९ रोजीं मुंबईस तिच्या विक्रीचा आरंभ झाला. इंजिन मागें, सिलिंडर दोन, आकार ६२४ घनसेंटिमीटर. सिंगूरहून कारखाना साणंदला हलविण्याची आपत्ति, आरंभींच्या कांहीं गाड्यांस लागलेली आग, या अडचणी तिला नडल्याच. परंतु दहा वर्षांच्या आंत ती बाजारांतून गेली याचें कारण तेवढेंच नव्हे. सर्वांत स्वस्त मोटार अशी तिची प्रसिद्धि झाली, ही चूक होती असें रतन टाटा यांनींहि पुढें बोलून दाखविलें. गृहस्थ मोटार घेतो ती केवळ ऊन-पाऊस टाळण्यासाठीं घेत नाहीं. आपल्या घरानें एक पायरी वर चढल्याची ती खूण असते. नॅनोच्याच पैशांत वापरलेली मारुती मिळत होती. तिच्यावर 'सर्वांत स्वस्त' असा शिक्का नव्हता, आणि तिचा मिस्त्री गल्लोगल्लीं होता. नव्या स्वस्त गाडीची खरी स्पर्धा दुसऱ्या नव्या गाडीशीं नसून जुन्या चांगल्या गाडीशीं असते, हें या प्रयोगांतून निश्चित झालें.

येथवरचा इतिहास ऐकून कोणी म्हणेल कीं मग जुनीच गाडी घ्यावी हें ठरलें. तसें मात्र नाहीं. जुन्या बाजाराचा निवाडा आणखी एका बाबतींत फसवा आहे, आणि ही बाब प्राणांची आहे. जानेवारी २०१४ मध्यें ग्लोबल एनकॅप या संस्थेनें येथील पांच लोकप्रिय लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठीं त्यांपैकीं एकीसहि एक ताराहि मिळाला नाहीं. त्यांत नॅनो होती, आणि मारुती ८०० च्या कुळांतील आल्टोहि होती. याच महिन्यांत, १८ जानेवारी २०१४ रोजीं, मारुती ८०० चें उत्पादन थांबलें. त्यापूर्वींच, एप्रिल २०१० पासून, धुराच्या नव्या नियमांमुळें देशांतील तेरा शहरांत तिची नवी विक्री बंद झाली होती. त्या यादींत मुंबई, पुणें आणि सोलापूर होतीं, नागपूर नव्हतें.

यानंतर कायदे कडक झाले. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारींत चालकापुढें हवेची पिशवी आवश्यक झाली. २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या आसनापुढेंहि ती आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारनें भारत एनकॅप ही स्वदेशी परीक्षा सुरू केली. आतां गंमत अशी कीं, २०१२ ची गाडी आणि २०२० ची गाडी यांच्यांतील हें अंतर जुन्या बाजारांत फारसें मोजलें जात नाहीं. तेथें रंग पाहतात, टायर पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. न फुटलेली पिशवी कोणासच ऐकूं येत नाहीं.

कायद्यानें आणखी एक मर्यादा घातली आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून तिचें नूतनीकरण करावें लागतें. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यांत आलें. मुंबईच्या टॅक्सींस वीस वर्षांचीच आयुर्मर्यादा असल्यामुळें, २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कार्यालयांत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. तेव्हां वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. ती योग्यच होती. पण आठवणीचें मोल वेगळें आणि वाहनाचें मोल वेगळें.

मग हिंगण्याच्या त्या घरानें काय ठरवावें? इतिहासाचा कौल असा दिसतो. वापरलेली लहान गाडी घेण्यांत कमीपणा नाहीं आणि बहुधा नुकसानहि नाहीं. या प्रांतांत हजारों कुटुंबांची पहिली मोटार दुसऱ्याची जुनी मोटारच होती. मात्र बाजारभाव हा एकटाच साक्षीदार मानूं नये. भाव चढा असेल तर तो गुणाचा आहे कीं टंचाईचा, हें विचारावें. नोंदणीपुस्तकांत मालकांची संख्या आणि गाडीचें साल पाहावें. पंधरा वर्षांतील किती उरलीं तीं मोजावींत, आणि त्याच मापानें किंमत उतरवावी. आणि शेवटीं, दोन गाड्यांत थोड्या हजारांचा फरक असून नवीच्या पुढच्या दोन्ही आसनांपुढें संरक्षण असेल, तर ते हजार वांचवूं नयेत. इंजिन बिघडलें तर हिंगण्यांतहि मिस्त्री मिळतो. ज्याला कोणत्याच गांवीं मिस्त्री नाहीं, तें गाडींत बसलेलें असतें.