सज्ञान माणसाचा पालक कोण?

मूल अज्ञान असतांना त्याच्या वतीनें आईबापांनीं निर्णय घ्यावा, हें कोणत्याही समाजांत सांगावें लागत नाहीं. मूल वयांत आलें कीं हा अधिकार संपतो आणि मनुष्य आपल्या घराचा, पैशाचा व देहाचा धनी होतो. परंतु एखाद्याची बुद्धि जन्मतःच अपुरी असली, किंवा भरल्या संसारांत आजारानें वा वार्धक्यानें तिचा तोल गेला, तर त्याच्या सहीला अर्थ काय राहतो? त्याचें घर कोणीं राखावें, शस्त्रक्रियेला संमति कोणीं द्यावी, आणि राखावयास नेमलेलाच खाऊं लागला तर दाद कोणाकडे मागावी? इंग्रजी कायद्याच्या परंपरेनें या प्रश्नांचीं उत्तरें कसकशीं बदलत नेलीं, तो इतिहास मोठा बोधप्रद आहे.

इंग्लंडांत तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास राजाच्या विशेषाधिकारांची एक नोंद झाली. तींत बुद्धिहीनांचे दोन वर्ग केलेले आढळतात. जो जन्मतःच मूढ, त्याच्या जमिनीचें उत्पन्न राजानें घ्यावें, त्याचा निर्वाह चालवावा, व तो मेल्यावर जमीन वारसांस द्यावी. ज्याची बुद्धि मागाहून भ्रष्ट झाली, त्याची मिळकत मात्र राजानें केवळ ठेव म्हणून सांभाळावी. शिल्लक राहील ती त्याच्याचसाठीं ठेवावी, आणि तो शुद्धीवर आला कीं त्यास परत करावी. पहिल्या प्रकारांत राजा लाभाचा धनी, दुसऱ्यांत नुसता विश्वस्त. पालकत्वांत लोभ आणि कर्तव्य हीं दोन्ही एकाच घरांत नांदतात, हें त्या जुन्या काळींही कायद्याला उमगलें होतें असें दिसतें.

पुढें हा अधिकार राजाच्या वतीनें लॉर्ड चॅन्सेलर चालवूं लागला. मनुष्य खरोखर वेडा आहे कीं नाहीं हें ज्यूरीपुढें चौकशी करून ठरे. ही चौकशी खर्चाची असे. सबब तिचा उपयोग मुख्यतः मिळकतदारांनाच. गरिबाच्या वांट्याला पालक न येतां वेड्यांचें इस्पितळ येई. इंग्रज जेथें जेथें गेले तेथें तेथें ही व्यवस्थाही गेली. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न शहराजवळ यारा बेंड येथें १८४८ सालीं असें इस्पितळ उघडलें. क्यू येथें त्याहून मोठें १८७१ सालीं चालूं झालें, आणि १८८७ पासून त्याच्याच आवारांत मतिमंद मुलांसाठीं निराळ्या कुटी झाल्या. त्यांतलीं कित्येक मुलें तेथेंच प्रौढ झालीं आणि तेथेंच म्हातारीं झालीं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशा माणसांनीं चार भिंतींबाहेर, समाजांत राहावें असा विचार बळावला, आणि त्याबरोबर एक अडचण उघडी पडली. इस्पितळाच्या आंत सर्व निर्णय अधिकारी घेत. बाहेर ते कोणीं घ्यावयाचे? आई कितीही मायाळू असली तरी तिच्या तीस वर्षांच्या मुलाच्या वतीनें सही करण्याचा अधिकार कायद्यानें तिला नव्हता. वरिष्ठ न्यायालयांत जावें तर खर्च फार. व्हिक्टोरिया प्रांताच्या सरकारनें एरल कॉक्स यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९८२ सालीं आपला अहवाल दिला, आणि १९८६ सालीं तेथें पालकत्व व मिळकतव्यवस्था यांसाठीं एक स्वतंत्र मंडळ निर्माण करणारा कायदा झाला. १९९८ सालीं या मंडळाचें काम तेथील संयुक्त न्यायाधिकरणाकडे सोंपविण्यांत आलें.

या कायद्यानें मंडळास तीन प्रश्न विचारावयास लावलें. त्या माणसास कांहीं व्यंग आहे काय? त्यामुळें त्याला समंजस निर्णय घेतां येत नाहीं काय? आणि, हें दोन्ही खरें असलें तरी, त्यास पालकाची गरज आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. घरच्या माणसांच्या साह्यानें काम भागत असेल तर पालक नेमूं नये. नेमणें प्राप्तच झालें तर आवश्यक तेवढाच अधिकार द्यावा. आणि ठराविक मुदतीनंतर आदेशाची पुन्हां तपासणी करावी, असा दंडक पडला. देहाच्या व राहणीच्या बाबतींत पालक आणि पैशाच्या बाबतींत कारभारी, अशीं दोन पदें निराळीं ठेवलीं. ज्यास कोणीच नाहीं त्याच्यासाठीं ‘पब्लिक ॲडव्होकेट’ हा स्वतंत्र अधिकारी निर्माण झाला.

वकिलांच्या धंद्यालाही येथें वेगळें वळण लागलें. या न्यायाधिकरणापुढें पुराव्याचे कडक नियम नाहींत. सभासद स्वतःच प्रश्न विचारून माहिती काढतात, आणि पुष्कळ प्रसंगीं वकिलाला उभें राहण्यास परवानगी घ्यावी लागते. परवानगी मिळाली तरी खरी अडचण पुढेंच असते. अशील म्हणतो, “मला माझ्या घरीं जावयाचें आहे.” वकिलाला मनांतून वाटतें कीं घरीं गेल्यास याचे हाल होतील. त्यानें अशिलाची इच्छा मांडावी कीं अशिलाचें हित? हिताची काळजी वाहणारे डॉक्टर, आप्त, सरकारी अधिकारी असे अनेक जण त्या खोलींत असतात. इच्छा बोलून दाखविणारा मात्र बहुधा एकच असतो. तोही हिताच्या बाजूस जाऊन बसला, तर ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप तोच आपल्या प्रकरणांत परका ठरतो.

हा पेंच २०११ सालच्या एका निकालांत स्पष्ट दिसला. निकालपत्रांत त्या गृहस्थाचें खरें नांव नाहीं. त्याला ‘पॅट्रिक’ म्हटलें आहे. तो मनोविकारानें आजारी असून त्याच्या इच्छेविरुद्ध इस्पितळांत होता, आणि त्याच्या मालकीचें घर होतें. त्यानें त्या घरीं न जातां देखरेखीच्या ठिकाणीं राहावें असें इस्पितळाचें मत. पण घर आहे तोंवर तो तिकडे जाण्याचा हट्ट सोडीना. तेव्हां घर विकतां यावें म्हणून न्यायाधिकरणानें कारभारी नेमला. हेतु वाईट नव्हता. तरी व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ति केव्हिन बेल यांनीं तो आदेश रद्द ठरविला. पैशाच्या कारभारासाठीं दिलेला अधिकार माणसाचें घर मोडण्यासाठीं वापरणें हें त्याच्या मानवी हक्कांवर अकारण आक्रमण होय, असा त्या निकालाचा आशय आहे.

याच सुमारास जगाचें मतही बदलत होतें. संयुक्त राष्ट्रांनीं २००६ सालीं अपंगांच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या बाराव्या कलमानें अपंगांसही इतरांप्रमाणेंच कायदेशीर क्षमता आहे असें सांगितलें. व्हिक्टोरियानें २०१९ सालीं नवा कायदा केला, आणि तो २०२० च्या मार्चांत अमलांत आला. त्यांत ‘हित’ या शब्दाची जागा माणसाच्या इच्छेनें व आवडीनिवडीनें घेतली. निर्णय स्वतः न घेतां तो घेण्यास मदत करणारा ‘साहाय्यक पालक’ असें नवें पदही त्यानें निर्माण केलें.

हिंदुस्थानांत हीच परंपरा १८५८ सालच्या तीन कायद्यांनीं आली. मुंबईसारख्या इलाख्याच्या शहरांत सुप्रीम कोर्ट व जिल्ह्यांत दिवाणी न्यायालय वेड्यांच्या मिळकतीची व्यवस्था पाही. पुढें १९१२ आणि १९८७ च्या कायद्यांनीं ती चालूं ठेविली. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यांत मिळकतीचें तें प्रकरण राहिलें नाहीं. मतिमंदत्वासारख्या कांहीं व्यंगांसाठीं १९९९ च्या कायद्याप्रमाणें जिल्ह्याजिल्ह्यांतील स्थानिक समित्या पालक नेमतात, आणि २०१६ च्या कायद्यानें मर्यादित पालकाची सोय केली. परंतु स्मृतिभ्रंशानें ग्रासलेल्या वृद्धाचें, किंवा बेशुद्धावस्थेंत पडून राहिलेल्या कर्त्या पुरुषाचें बँकेंतलें खातें चालविण्यासाठीं त्याच्या पत्नीस उच्च न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. राजानें प्रजेचा पिता व्हावें या सातशें वर्षांपूर्वींच्याच तत्त्वावर तें न्यायालय तिला अधिकार देतें.

राजाची जागा न्यायाधिकरणानें घेतली, ज्यूरी गेली, शब्द सौम्य झाले. परंतु त्या जुन्या नोंदींतील भेद अद्याप पुसला गेलेला नाहीं. दुसऱ्याचें घर ठेव म्हणून राखणारा एक पालक, आणि तें आपलें समजून वागणारा दुसरा. या दोघांत निवड करण्याची पाळी आजही प्रत्येक प्रकरणांत येते. आणि जो स्वतः बोलूं शकत नाहीं, त्याला काय हवें आहे हें अगोदर विचारल्यावांचून ती निवड नीट होत नाहीं.