बेलच्या घरातलं भूत आणि शेजारची केट

आजची गोष्ट अमेरिकेतली, टेनेसी राज्यातली. १८०४ च्या सुमारास जॉन बेल हा शेतकरी बायकामुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलिनातून तिथे आला. रेड नदीकाठचा मुलूख तेव्हा नव्यानं वसत होता.

१८१७ पासून घरात आवाज येऊ लागले, असं सांगतात. भिंतीवर थापा, रात्री पांघरुणं ओढली जायची. मग भूत बोलायलाच लागलं. सगळ्यांत जास्त छळ धाकट्या बेट्सीचा. चिमटे काय, थपडा काय, केस ओढणं काय! जोशुआ गार्डनरशी लग्न करू नकोस, हा त्याचा हेका. शेवटी ते ठरलेलं लग्न मोडलं. पुढे बेट्सीनं आपल्याच मास्तरांशी लग्न केलं. (मला ही गोष्ट भुतापेक्षा जास्त खटकते.)

भुताला लोक 'केट' म्हणायचे, शेजारच्या केट बॅट्सवरून. तिचा नवरा आजारी. कारभार तीच बघायची, आणि तोंडानं फटकळ. एवढं पुरलं की हो!

२० डिसेंबर १८२० ला जॉन बेल वारला. तेही भुताच्याच माथी मारलं गेलं.

ही हकीकत पुस्तकात सविस्तर आली १८९४ मध्ये, मार्टिन इंग्रॅम या वर्तमानपत्रवाल्याकडून. म्हणजे ७४ वर्षांनी. तोवर केटला विचारणार कुठून?

ॲडम्स गावाजवळची भुताची गुहा लोक आजही तिकीट काढून बघतात.