बधिर पायांची वहाण

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपण इतरांच्या उदासीनतेविषयी वापरतो. परंतु ज्याचे जळते त्यालाच कळू नये, अशीही एक अवस्था मनुष्यदेहाला येते. पायाची संवेदना गेली की तापलेली फरशी, बुटातला खडा, चपलेतून वर आलेला खिळा यांपैकी कशाचीही वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही. अशा पायांना वहाण कशी असावी, याचा शास्त्रशुद्ध विचार ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत आपल्या देशातील वेल्लोरचे स्थान मोठे आहे. तो इतिहास माळव्यातील मराठी मंडळींनी जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते. कारण आज तो आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे.

कुष्ठसेवा म्हटली की आपल्याला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे आरंभिलेले कार्य आणि बाबा आमटे यांचे आनंदवन आठवते. बाबा १९९० पासून सुमारे दशकभर बडवानीजवळ नर्मदाकाठी कसरावद येथे राहिले. इंदूरकरांना ते शेजारचेच झाले होते. बाबांचा जन्म १९१४ चा. त्याच वर्षी तामिळ मुलखातील कोल्ली डोंगरात एका इंग्रज मिशनरी दांपत्याच्या पोटी पॉल ब्रँड जन्मले. शल्यविशारद होऊन १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांनी जखमांचा माग काढला आणि निराळेच सत्य पुढे आणले. रोगजंतू मज्जातंतू निकामी करतो. पुढची बहुतेक हानी वेदना नसल्यामुळे होते. निरोगी माणसाचा तळवा दुखू लागला की तो नकळत चाल बदलतो, भार दुसऱ्या बाजूला टाकतो. बधिर पायाचा माणूस मात्र त्याच हाडावर, त्याच जागी हजारो पावले टाकीत राहतो, आणि कातडीखालचे मांस आतून फाटून व्रण होतो.

यावर उपाय म्हणून पादत्राणांचे प्रयोग सुरू झाले. त्यांतून पुढे रूढ झाले ते सूक्ष्म वायुपेशींचे मऊ रबर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. तळव्याखाली हे रबर दाबले जाऊन भार पसरवते. त्याखाली काटा न शिरू देणारा कठीण तळ असतो. टाचेमागे पट्टा असतो, म्हणजे चप्पल धरून ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागत नाहीत. खिळ्यांना मज्जाव; सगळे काम शिवणीचे व चिकटवण्याचे. गुण आला, पण एक अडचण उरली. ही चप्पल दुरून ओळखू येई, आणि ती घालणाऱ्याचा रोग चारचौघांत उघडा पडे. म्हणून कित्येक रुग्ण ती घालीतच नसत. पायाचा व्रण परवडला पण लोकांची नजर नको, ही त्यांची व्यथा ओळखूनच पुढे नेहमीच्या चपलांसारख्या दिसणाऱ्या वहाणा करण्याकडे कल झाला.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले. तिथे मधुमेही रुग्णांच्या पायांवर त्यांना तेच व्रण दिसले. रोग निराळा, बधिरता तीच. वेल्लोरची विद्या अशा रीतीने मधुमेहाच्या कामी आली.

इथे आपला संबंध येतो. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. पोहे-जिलबीच्या आपल्या नगरीत वैद्याच्या सल्ल्याने पहाटे फिरू, धावू लागलेली ज्येष्ठ मंडळी कमी नाहीत. ती धावण्याचे बूट घेतात तेव्हा ‘पायाला बरे वाटते’ हीच एक कसोटी लावतात. बधिर पायाची ही साक्ष खोटी असते. सैल बूट त्याला जाणवतच नाही, म्हणून तो हटकून घट्ट बूट पसंत करतो.

तेव्हा डोळ्यांवर आणि हातांवर विसंबावे. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, म्हणून खरेदी त्या वेळी करावी. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची आकृती काढावी, ती कापून बुटात घालावी. कागद दुमडला तर तो बूट आपला नव्हे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. आत हात फिरवून शिवण टोचते का ते पाहावे. नवा बूट पहिल्या दिवशी तासाभराहून अधिक घालू नये. काढल्यावर पाय लाल झाला आहे का ते बघावे. जखम असेल वा बोटे वाकडी झाली असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून धावूच नये. संवेदना शाबूत आहे की नाही, हे दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून त्यांना काही मिनिटांत सांगता येते.

खजराण्याच्या गणपतीला वा महाकालाला वैशाखात अनवाणी जाणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. श्रद्धेला बाध न येता सकाळची वेळ निवडता येते.

आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची रीत अजून टिकून आहे. वाकलेल्या मुला-नातवंडांनी ते तळवे क्षणभर हाती घेऊन पाहिले, तर ज्याला कळत नाही त्याचे जळणे दुसऱ्या कोणाला तरी वेळीच कळेल.