विश्वस्त मंडळ

विश्वस्त मंडळ म्हणजे धर्मादाय, शैक्षणिक अथवा धार्मिक हेतूने स्थापन झालेल्या संस्थेची मालमत्ता व कारभार सांभाळणाऱ्या व्यक्तींचे मंडळ होय. संस्थेच्या नोंदणीनुसार त्यास कार्यकारी मंडळ, नियामक मंडळ किंवा संचालक मंडळ असेही म्हणतात. ‘विश्वस्त’ या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘ज्याच्यावर विश्वास ठेवला आहे असा’ असा होतो. मालमत्तेचा ताबा विश्वस्तांकडे असला, तरी तिचा लाभ त्यांच्यासाठी नसतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील मंडळांचा विचार केला आहे.

कायदेशीर चौकट

१८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार किमान सात व्यक्तींना एकत्र येऊन संस्था नोंदवता येते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) याच्या व्याख्येत धर्मादाय हेतूने नोंदलेली अशी संस्थाही सार्वजनिक न्यास ठरते. त्यामुळे राज्यातील बहुतेक शिक्षणसंस्थांना व वाचनालयांना दोन नोंदणी क्रमांक असतात. देखरेखीचा अधिकार धर्मादाय आयुक्तांकडे असतो. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली नोंदलेल्या ना-नफा कंपन्यांत हेच काम संचालक करतात.

रचना

सदस्यसंख्या, मुदत, निवडणुकीची पद्धत आणि सभेची गणसंख्या संस्थेच्या घटनेत वा न्यासपत्रात ठरलेली असते. अध्यक्ष, कार्यवाह आणि कोषाध्यक्ष ही पदे सर्वत्र आढळतात. कार्यवाहास ‘चिटणीस’ म्हणण्याचा प्रघात जुना असून तो शब्द मराठेशाहीतील दफ्तरव्यवस्थेतून आलेला आहे.

पहिले मंडळ बहुधा संस्थापकाच्या स्नेह्यांचे व नातलगांचे असते. आरंभी त्याचा उपयोग होतो, कारण परस्परांवर भरवसा असतो. पुढे मात्र हिशेबाविषयी प्रश्न विचारणे हा व्यक्तीवरचा अविश्वास मानला जाऊ लागतो. ताळेबंद वाचता येणारी व कायद्याची जाण असणारी व्यक्ती, तसेच ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांच्यापैकी कोणी, असे सभासद मंडळात असणे हितावह ठरते. सर्वांची मुदत एकाच दिवशी न संपता काही जागा आळीपाळीने रिक्त होत राहिल्यास जुन्या-नव्यांची सांगड राहते. देणगी मोठी म्हणून विश्वस्तपद देण्याची प्रथाही आहे. तिने निधी मिळतो. सभेला उपस्थिती मिळेलच असे नाही.

पुण्यातील उदाहरण

संस्थाचालकाने संस्थेला किती द्यावे आणि तिच्याकडून किती घ्यावे, हा वाद जुना आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासद अल्प वेतनावर दीर्घकाळ अध्यापन करण्यास बांधलेले असत आणि संस्थेचा अंतर्गत कारभारही तेच पाहत. वेतन व बाहेरील अर्थार्जन यांवरून त्यांच्यात मतभेद झाले. आजीव सभासदांनी अन्यत्र अर्थार्जन करू नये, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. आगरकर संस्थेतच राहिले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. टिळक-आगरकर वाद सामाजिक सुधारणेपुरता सांगितला जातो, तेव्हा ही बाजू अनेकदा गाळली जाते.

कर्तव्ये व मर्यादा

हिशेब ठेवणे, त्यांची लेखापरीक्षा करून घेणे आणि निधी कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच गुंतवणे ही विश्वस्तांची कर्तव्ये आहेत. कलम ३६ नुसार स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा दान, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देणे यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विश्वस्ताला न्यासाच्या निधीतून स्वतःसाठी कर्ज काढता येत नाही. हिशेब सादर करण्यात सतत कसूर, अफरातफर, विश्वासभंग अशा कारणांवरून कलम ४१-ड खाली विश्वस्तास निलंबित वा दूर करता येते.

मंडळातील बदल

विश्वस्ताचा मृत्यू, राजीनामा वा नवी निवड झाल्यास कलम २२ नुसार ९० दिवसांत तसे कळवावे लागते. यास व्यवहारात ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. चौकशीनंतर बदल मान्य झाला की परिशिष्ट एकमधील नोंद बदलते. बँका व शासकीय कार्यालये मंडळ ओळखतात ते या परिशिष्टाच्या उताऱ्यावरून.

लहान गावांतील संस्थांमध्ये हे काम वर्षानुवर्षे राहून जाते. सभा होते, नवे पदाधिकारी हारही स्वीकारतात, पण नोंदवहीत दिवंगतांचीच नावे राहतात. पुढे दोन गट पडले की प्रत्येक गट आपली सभा खरी म्हणून स्वतंत्र अर्ज दाखल करतो. मग सभेची सूचना घटनेप्रमाणे निघाली होती काय, गणसंख्या पूर्ण होती काय, मतदान करणारे वैध सभासद होते काय, हे प्रश्न निर्णायक ठरतात. त्यांची उत्तरे सभासद नोंदवही, सूचनांची पोच आणि इतिवृत्त यांतूनच मिळतात. शाळा चालवणाऱ्या संस्थेत असा वाद झाल्यास त्याची झळ मंडळापुरती राहत नाही. नेमणुका व पदोन्नतीचे प्रस्ताव कोणाच्या सहीने पाठवावेत हेच ठरत नसल्याने शिक्षकांची प्रकरणे अडून राहतात.

नोंदलेले विश्वस्त हयात नसतील वा काम करण्यास असमर्थ असतील, तर हितसंबंधित व्यक्तींच्या अर्जावरून धर्मादाय आयुक्त कलम ४७ खाली नवे विश्वस्त नेमू शकतात. घटनाच अपुरी असल्यास कलम ५०-अ खाली कारभाराची योजना तयार करून दिली जाते आणि पुढील मंडळे त्या योजनेनुसार निवडली जातात.