भटकणे, ताबा आणि घर

मराठीत ‘वेड’ हा शब्द दुखण्यापुरता कधीच मर्यादित राहिला नाही. नाटकाचे वेड, विठ्ठलाचे वेड, आईची वेडी माया अशा प्रयोगांतून त्याने ध्यास आणि आसक्ती यांनाही सामावून घेतले. वसाहतकालीन कायद्यात मात्र त्याची एकच छटा उरली आणि तिला ‘भटकणारा’ हे विशेषण चिकटले. १९१२ च्या कायद्याने भटकणाऱ्या वेड्याला पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. १९८७ च्या कायद्यात ‘वेडा’ जाऊन ‘मनोरुग्ण’ आला. भटकणे आणि पोलिसांचा ताबा मात्र कायम राहिले. दादरच्या फुटपाथवरील तोच माणूस १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्यानुसार ‘भिकारी’ही ठरू शकत होता. त्याची रवानगी कोठे व्हायची, हे त्याच्या आजारापेक्षा त्याला दिलेल्या नावावर अवलंबून होते.

मिशेल फूकोने १९६१ च्या ग्रंथात युरोपातील वेडाचा इतिहास बंदिवासाचा इतिहास म्हणून मांडला. ही मांडणी मुंबईला जशीच्या तशी लावता येत नाही. येथे कुलाब्याला १८२६ साली वेड्यांचे इस्पितळ निघाले. १९०१ साली ठाण्याचे इस्पितळ उभे राहिले आणि ‘ठाण्याला पाठवणे’ हा वाक्प्रचार मुंबईकरांच्या बोलीत रुळला. परंतु त्या भिंतींच्या आत जाणारे नेहमीच थोडे होते. बाकीच्यांना सांभाळणारी व्यवस्था वेगळी होती.

परळ-लालबागच्या चाळींत एकाच खोलीत अनेक गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत, बायकामुले गावी. अशा खोलीत दीर्घ आजाराला जागा नव्हती. आजारी माणसाला कोकणात किंवा घाटावर धाडले जाई. गिरणगावाचे ‘घर’ मुळातच गिरणगावाबाहेर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तसा गाव आणि खोली यांना बांधणारा पगाराचा धागा तुटला. गावी धाडणारी खोलीच नाहीशी होऊ लागली.

नेमक्या याच काळात संस्थात्मक उपचारांवरील टीका धारदार झाली, आणि ती न्याय्य होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. मुंबईत डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने १९८८ पासून रस्त्यावरील मनोरुग्णांना उपचार देऊन कुटुंबात परत पोहोचवण्याचे काम उभे केले; २०१८ च्या मॅगसेसे पुरस्काराने त्याचा गौरव झाला. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि परत पोहोचवायला कोठेतरी दार असावे लागते.

२०१७ च्या कायद्यात ‘ताब्या’च्या जागी ‘संरक्षण’ आले. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे त्याचे १९ वे कलम सांगते. हे कलम क्रांतिकारक आहे. पण त्याच कलमाने निमनिवासी गृहांची आणि सामूहिक निवासांची जबाबदारी शासनावर टाकली आहे, याचा उच्चार वादात फारसा होत नाही. ‘संस्था की समाज’ या द्वंद्वातील दोन्ही पक्ष घर गृहीत धरतात : एक त्यापासून तोडल्याची तक्रार करतो, दुसरा त्याकडे परतण्याचे आश्वासन देतो. घरी पोहोचवणे आणि घर देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली करुणेने साधते. दुसरीसाठी जमीन लागते, आणि गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभारणाऱ्या शहरात तो प्रश्न मानसोपचाराचा उरत नाही, राजकारणाचा होतो.