व मजूर वर्ग



आधी रानातली नोंद. ज्वारी हुरड्यात आहे. पहाटे दव एवढं पडतंय की ताटात शिरलं की कमरेपर्यंत ओलं होतं. ही थंडी अजून आठ-दहा दिवस टिकली तर दाणा टपोरा भरेल. पाखरांचा त्रास आहेच, गोफण थांबवता येत नाही. एवढंच. आज पिकावर जास्त लिहीत नाही, कारण गेला महिनाभर माझ्या हातात गोफणीपेक्षा मोबाईलच जास्त होता.

झालं असं की, आमच्या शाळेच्या गुरुजींनी 26 जानेवारीला गावातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. या पानावर मी रोज रानातले फोटो टाकतो म्हणून गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. मला वाटलं चार दिवसांचं काम. घरोघर जायचं, भिंतीवरचा फोटो काढायचा, मोबाईलवर उतरवायचा, तालुक्याला जाऊन मोठा करून आणायचा.

पहिल्याच घरी चूक झाली. जुन्या तसबिरीतला फोटो ओल लागून काचेला चिकटला होता. मी कोपऱ्यातून सोडवायला गेलो आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या फेट्याचा तुरा काचेवरच राहिला. घरधनी काही बोलला नाही, पण मला रात्रभर झोप नाही. तेव्हापासून ठरवलं, चिकटलेला फोटो काचेसकटच उतरवायचा. सकाळी नऊच्या सुमाराला भिंतीच्या सावलीत पाटावर ठेवायचा आणि मागं काळी घोंगडी धरून उभं राहायचं, म्हणजे काचेत आपलंच तोंड दिसत नाही. थंडीच्या दिवसांतलं सावलीतलं ऊन मऊ असतं, त्यात फोटो फार छान उतरतो. उन्हाळ्यात हे जमलं नसतं.

आणखी एक कळलं. 1985-90 च्या लग्नांचे रंगीत फोटो तांबूस पडलेत, काहीत तर नवरी ओळखू येईना. पण त्याच्या आधीचे काळे-पांढरे फोटो कसरीनं कडा खाल्ल्या तरी मधे खणखणीत आहेत. गुरुजी म्हणाले, त्यात चांदी असते. रंगीत फोटोतले रंग उडतात, चांदी टिकते.

112 फोटो जमले. सगळे ओसरीवर मांडले तेव्हा लक्षात आलं की अर्धं गाव त्यात नाहीच. वाड्यावरची माणसं आहेत, मास्तर आहेत, पैलवान आहेत, पुढाऱ्यांच्या सभा आहेत. एका निवृत्त मास्तरांकडं आग्फाचा क्लिक थ्री होता, त्यांच्यामुळं शाळेची पोरं आहेत. पण त्या कॅमेऱ्याच्या एका रोलात 12 फोटो, मग उगाच कोण कुणाचा काढणार? काही घरात म्हाताऱ्याचा एकच फोटो आणि तोही मेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला. बायकांचं तर विचारू नका. मतदार ओळखपत्रं 1993 नंतर आली. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मातला पहिला फोटो तोच, एवढासा, चेहरा काळा पडलेला.

आमचा भाग मंगळवेढ्याचा. दुष्काळात बादशहाची कोठारं उघडून लोकांना जगवणाऱ्या दामाजीपंतांचं चित्र इथं घरोघरी आहे. त्या कोठारापुढं ओळीत कोण कोण उभं होतं, ते कोण सांगणार? तेव्हा कॅमेरा नव्हता, ते सोडा. पण 1972 ला तर होता की.

बहात्तरचा एक फोटो निघाला. म्हणजे पुठ्ठ्यावर साल 1973 आहे. जुन्या सरपंचांच्या माडीवर धान्याच्या कणगीमागं होता. आमच्या पाझर तलावाच्या भरावावर काढलेला. पुढं सात खुर्च्या, त्यावर साहेब लोक आणि गावचे मोठे. मागं आणि पायाशी 38 माणसं. बाया, गडी, दोन-चार पोरं, कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या खांद्याला टिकाव. पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात खुर्चीवरच्या सातही जणांची नावं हुद्द्यासकट लिहिलीत. आणि शेवटी तीन शब्द. ‘व मजूर वर्ग’.

तरुण पोरांसाठी थोडं सांगतो. बहात्तरचा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. आधीची दोन वर्षं पाऊस कमीच होता, तिसऱ्या वर्षी पुरता दगा दिला. कणगीत आधीचं शिल्लक काही नव्हतं. आमच्याकडं रब्बीवरच सगळं. ज्वारी गेली म्हणजे भाकरी गेली आणि कडबाही गेला. कडबा गेला की बैल जातो, आणि बैल गेला की पुढच्या सालची पेरणी जाते. माणसं जेवणाच्या आधी जनावरांसाठी रडली, हे मी स्वतः ऐकलंय. सरकारनं मग गावोगाव दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. मे 1973 मध्ये राज्यात या कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी 1965 मध्ये ‘मागेल त्याला काम’ याचा प्रयोग केला होता. बहात्तरच्या अनुभवानंतर तो विचार पक्का झाला, 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. देशाचा तसा कायदा 2005 चा. म्हणजे आमच्या भरावावर घमेली वाहणाऱ्या बायांच्या मागनं दिल्ली आली.

खायला मिलो असायची, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. मालदांडी खाणाऱ्या आमच्या माणसांना ती घशाखाली उतरत नव्हती. आणि सुकडी. मी पाच वर्षांचा होतो, मला सुकडीची चव आठवते. खोटं कशाला बोलू, आवडायची. प्यायला पाणी नव्हतं म्हणून कातळात बोअर पाडणारी यंत्रं त्या सुमाराला आली आणि मागोमाग हापसे. ज्या इंडिया मार्क टू हापशानं सगळ्या देशाला पाणी पाजलं, तो आपल्या सोलापूरच्या पंपावरूनच तयार झाला, हे किती जणांना माहीत आहे? आमच्या हापशावर पोरं लोंबकळतानाचा एक फोटोही भिंतीवर लावतोय.

गुरुजींनी मला मोबाईलवर आणखी जुने फोटो दाखवले. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ, ज्यात म्हसवडकडचा राजेवाडीचा तलाव दुष्काळी काम म्हणून हाती घेतला. त्या वेळी मद्रासकडं हूपर नावाच्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यानं उपाशी माणसं ओळीनं बसवून फोटो काढले. नुसती हाडं. एका फोटोखाली ‘फुकट मदतीला पात्र’ अशा अर्थाची ओळ आहे. नाव कुणाचंच नाही. मी फोन परत दिला. मला आमच्या पुठ्ठ्यावरचे तीन शब्द आठवले आणि वाटलं, जवळजवळ शंभर वर्षं गेली, फोटोवाला गोऱ्याचा देशी झाला, ओळ मात्र तीच राहिली.

मग ठरवलं, बाकी 40 फोटो कसेही लागोत, या 38 जणांची नावं काढायची.

मोका मिळाला येळवशीला. त्या दिवशी सगळं गाव रानात असतं. भज्जी, उंडे, आंबील, आणि कोपीपाशी म्हातारी माणसं उन्हाला बसलेली. मी फोटोची मोठी प्रत घेऊन रानोरान फिरलो. माणसं आधी हसायची, मग चष्मा मागायची, मग गप्प व्हायची. एक तात्या म्हणाले, “ह्यो माझा थोरला भाऊ. घमेलं उलटं धरलंय बघ, फोटोवाला म्हणला धरा म्हणून धरलंय.” संध्याकाळपर्यंत 17 नावं झाली. मजा अशी की ओळीत जातपात काही नाही. वाड्यावरच्या भावकीतली बाई आणि महारवाड्यातली बाई (तेव्हा तसंच म्हणत) खांद्याला खांदा लावून. याचा अर्थ गावातला भेद मिटला होता असं नव्हे. पाण्याचे माठ वेगळेच होते, हे त्याच म्हाताऱ्यांनी सांगितलं. पण हजेरीच्या मस्टरात सगळे एका कागदावर.

गड्यांची नावं सोपी गेली. बायांचं अवघड. “ती वरच्या आळीची थोरली सून”, “ती अमक्याची दुसरी बायको”. तिचं स्वतःचं नाव काय? माहीत नाही. पोटच्या नातवाला माहीत नाही! दोघींची नावं शेवटी मला जुन्या फेरफारात सापडली, नवरा वारल्यावर वारस म्हणून लागलेली. जमिनीनं नाव धरून ठेवलं म्हणून मिळालं. ज्यांना जमीन नव्हती त्यांचं ते पण नाही.

28 नावं झाली आणि एक फोन आला. एका घरची पुढची पिढी आता तालुक्याला असते, दुकान आहे, चांगलं चाललंय. नातू म्हणाला, “काका, आजीचं नाव त्या फोटोखाली टाकू नका. बहिणीचं जमवायचं चाललंय. पाहुणे येतील, बघतील. दगडं उचलतानाचा फोटो कशाला?” मला राग आला. म्हटलं, तुझ्या आजीनं दगड उचलले म्हणून तुझा बाप जगला. तो म्हणाला, “ते खरं आहे, पण नको.” फोन ठेवल्यावर मी या पानावर टाकायला तिखट मजकूर लिहायला घेतला. निम्मा लिहिला होता.

त्या रात्री आईला फोटो दाखवला. आधी दाखवला नव्हता, कारण तिला मोतीबिंदू आणि तिनं बहात्तरचं कधी काढलेलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणं आमच्या घरचं कुणी कामावर गेलंच नव्हतं. वडील तसं सांगायचे. आईनं फोटो दिव्याजवळ नेला. मागच्या ओळीत एक बाई आहे, पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. तिला कुणीच ओळखलं नव्हतं. आईनं तिच्यावर बोट ठेवलं.

“तोंड नको बघू तिचं. हात बघ.”

फोटो मोबाईलवर मोठा करून बघितला. डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. आईचा डावा अंगठा वाकडा आहे, नख दुभंगलेलं. मी लहानपणापासून बघतोय. दारात सापडला, असं आम्हाला सांगितलं होतं.

“खडीवर हातोडा बसला. चार दिस घरी बसले, मग तलावावर गेले.”

“आणि पदर?”

“मुकादम माझ्या माहेरच्या गावचा होता. त्यानं जाऊन सांगितलं असतं, तर माझा बाप दुसऱ्या दिशी गाडी घेऊन न्यायला आला असता. मग तुमी दोघं काय खाल्लं असतं?”

पुढं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. तो तिखट मजकूर काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी विचारलं, नाव टाकू का. म्हणाली, दोन दिवस थांब. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी आपणहून म्हणाली, “टाक. पर माहेरचं आडनाव लिहू नगंस.” बाप जाऊन तीस वर्षं झाली तिचा. तसंच लिहिलंय. आणि त्या दुकानवाल्या पोराला मी फोन केला, सांगितलं, तुझ्या आजीचा आकडा राहील, नाव राहणार नाही. तो म्हणाला, “उपकार झाले काका.” उपकार कसले. मला अजूनही वाटतं त्यानं टाकू द्यायला पाहिजे होतं. पण ते त्याच्या घरानं ठरवायचं.

तर हिशेब असा: 29 नावं, एक कोरी जागा मागितल्यावरून, आठ जागा आम्हाला सापडल्या नाहीत म्हणून. पुठ्ठ्यावरचे मूळ शब्द आम्ही झाकलेले नाहीत, तसेच ठेवलेत. त्याच्याखाली नवा कागद लावलाय. नावं मी इथं टाकत नाही, भिंतीवरच बघा.

परवा तलावावर जाऊन आलो, त्याच जागेवरून आजचा फोटो घ्यायला. भरावावर वेडी बाभूळ माजलीय, निम्मा तलाव गाळानं भरलाय, तरी पाणी आहे. माझी विहीर त्याच्याच खालच्या अंगाला. यंदा फेब्रुवारीपर्यंत पुरेल असं दिसतंय. आईला म्हटलं चल, दुचाकीवर नेतो. म्हणाली, थंडी लई हाय, ऊन झालं की बघू.

प्रदर्शन 26 तारखेला झेंडावंदनानंतर, शाळेच्या दोन खोल्यांत. दोऱ्या बांधून झाल्यात, क्लिपा कमी पडतायत, कुणाकडं कपडे वाळत घालायच्या असतील तर घेऊन या. त्या फोटोपाशी सुतळीला पेन्सिल बांधून ठेवलीय. कमी राहिलेल्या आठांपैकी कुणी ओळखू आलं तर तिथंच लिहा. तिसऱ्या ओळीतला डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि भरावाच्या टोकाला उभी असलेली काखेत पोर घेतलेली बाई, या दोघांना नीट बघा. ती बाई पलीकडच्या गावची असावी असं दोघा-तिघांनी सांगितलंय, तेव्हा तिकडच्या मंडळींनी तुमच्या म्हाताऱ्यांना सोबत आणा. चहा आहे, हुरडा माझ्या रानातला.