नामदेव किती?

वर्गात दोन नामदेव असले, तर आपण हजेरीपटात वडिलांचे नाव व आडनाव पाहतो. इतिहासात ही सोय नेहमी मिळत नाही.

विसाव्या शतकातले दोन नामदेव पाहा. १९४५ साली इटलीतील लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा पलटणीतले नामदेव जाधव आणि 'गोलपिठा'चे कवी नामदेव ढसाळ (१९४९–२०१४). आडनावे, तारखा, कागदपत्रे सारे उपलब्ध. घोटाळ्याला जागाच नाही.

आता मागे जाऊ. संत नामदेवांचा जन्म इ.स. १२७० चा, परंपरेने त्यांचे गाव हिंगोली जिल्ह्यातील नर्सी. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा हा कवी झाला. त्याने महाभारत मराठी ओवीत आणले. दोघांच्याही रचनांच्या शेवटी 'नामा' हेच नाव! हस्तलिखिते उतरवून घेताना दोघांच्या रचना एकत्र झाल्या आणि ही सरमिसळ छापील गाथेतही आली.

मग निवड कशी करायची? शब्दांची रूपे किती जुनी आहेत, हस्तलिखित केव्हाचे आहे, हे अभ्यासक तपासतात. रचनेत नामदेवांनंतरच्या व्यक्तीचा उल्लेख असेल, तर ती त्यांची नव्हे. शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. तो १६०४ साली संकलित झाला. म्हणजे ही पदे निदान तेवढी जुनी.

नाव हा पुरावा खरा, पण एकटा अपुरा. आपल्या गावातील एकाच नावाच्या व्यक्तींची यादी मुलांना करायला सांगा. शंभर वर्षांनी त्या वेगळ्या ओळखता याव्यात, म्हणून प्रत्येक नावापुढे आणखी काय लिहावे लागेल?